वाडीवरचं माणूस

गणेशपुरी, वज्रेश्वरी, अकलोली या पट्ट्यात कुणी नवी वाडी घेतली की पहिल्या महिन्यातले प्रश्न ठरलेले असतात. हापूस लावू की केसर? चिकू येईल का? बोअरला पाणी किती फुटांवर लागेल? वाडीवर रोज कोण जाणार, हे मात्र सगळ्यात शेवटी निघतं, तेही ‘एखादा गडी मिळेल का हो?’ अशा सुरात. खरं तर सुरुवात तिथूनच करायला हवी. कलम मेलं तर पुढच्या मिरगाला दुसरं लावता येतं. वाडीची नस कळलेलं माणूस निघून गेलं तर त्याच्याबरोबर बरंच काही जातं. कुठल्या झाडाला कोणत्या साली मोहोर आला नाही, विहिरीचा झरा कोणत्या बाजूला आहे, बांध दरवर्षी कुठे फुटतो, हे कुठल्याच पुस्तकात सापडत नाही.

हा लेख मुख्यतः ठाणे, डोंबिवली, मुंबईहून शनिवार-रविवारी येणाऱ्यांसाठी आहे. आमच्या वाडीवर मामा आहेत. शेजारच्या पाड्यातले, माझ्याहून वयाने मोठे. आमचा एकत्र कामाचा संबंध वीसेक वर्षांचा. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. इतक्या वर्षांत आसपासच्या वाड्यांवर माणसं टिकताना आणि तुटताना पाहिली. एक गोष्ट लक्षात आली, ती आधीच सांगून टाकते. ‘ते आमच्या घरातलेच आहेत’ असं जिथे अभिमानाने सांगितलं जातं, तिथे बहुतेक वेळा हिशोबाची वही नसते. आणि वही नसली की घरातलं माणूस सगळ्यात आधी नाडलं जातं. मैत्री हवी असेल तर आधी व्यवहार चोख ठेवा. माया मागून येते, तिला घाई करावी लागत नाही.

माणूस कसं शोधायचं

एजंट किंवा मुकादमामार्फत कायमचं माणूस घेऊ नका. मधल्या माणसाचे पैसे मजुरीतून कापले जातात आणि ते तुम्हाला कधी कळतही नाहीत. जवळच्या पाड्यात जा, किराणा दुकानात विचारा, आसपासच्या वाडीवाल्यांशी बोला. तानसा नदीच्या या खोऱ्यात आगरी, कुणबी, वारली, कातकरी, मल्हार कोळी, ठाकूर असे वेगवेगळे समाज राहतात. कुणाची स्वतःची भातखाचरं आहेत, कुणाकडे डोंगरउतारावरची थोडी वरकस जमीन, कुणाकडे काहीच नाही. भिवंडीच्या गोदामांनी तरुण पोरं ओढून घेतली आहेत, त्यामुळे बागकामाला बहुधा चाळिशीपुढची माणसं मिळतात. त्यात वाईट काही नाही. झाडांच्या कामाला धीर लागतो आणि तो वयाबरोबर येतो.

लगेच कायमचं ठरवू नका. दसऱ्यानंतर गवत कापणीला बोलवा, मग आळी बांधायला, मग उन्हाळ्यात पाण्याला. या काळात कामाचा वेग बघू नका, वेग कुणीही दाखवतो. काम संपल्यावर कोयता कुठे ठेवला जातो ते बघा. आकडीत गेला की गवतात पडला? खुरप्याची माती पुसली का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माणूस नाही म्हणतं का. पहिल्याच आठवड्यात ‘हे असं नाही जमायचं’ असं तोंडावर सांगणारं माणूस मिळालं तर त्याला सोडू नका. सगळ्याला ‘हो शेठ, हो शेठ’ करणारं माणूस तुमच्या पाठीमागे त्याला योग्य वाटेल तेच करतं, फक्त तुम्हाला सांगत नाही.

त्यांचं वर्ष, तुमचं वर्ष

वाडीचं वेळापत्रक तुमच्या सुट्ट्यांवरून आखाल तर पहिल्याच पावसात भांडण होईल. इथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उन्हाळ्यात राब भाजणं, मिरगाच्या सुमारास पेरणी, जूनअखेर ते जुलैमध्ये आवणी, दिवाळीच्या मागेपुढे कापणी आणि झोडणी. ज्यांची स्वतःची शेती आहे ती माणसं आवणीच्या दिवसांत तुमच्याकडे येणार नाहीत आणि येऊही नयेत. तुमची कलमं आठ दिवस थांबतात, भाताचं रोप थांबत नाही. म्हणून खड्डे एप्रिल-मेमध्येच घेऊन ठेवा. आंब्याला मीटरभर लांब, रुंद, खोल. ते उन्हात तापू द्या, पावसाआधी माती आणि शेणखताने भरा आणि पहिला पाऊस स्थिरावला की लागवड उरका. आवणी सुरू होण्याआधी वाडीचं जड काम संपलेलं असलं पाहिजे.

भूमिहीन कुटुंबांचं वर्ष वेगळं असतं. दिवाळी झाली की अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, ती पाऊस येईपर्यंत. भट्टीवाला आधीच बयाणा देऊन ठेवतो. म्हणजे वाडीला नेमकं पाणी लागतं त्या महिन्यांत गाव रिकामं. तुम्हाला अशा कुटुंबातलं माणूस बारा महिने हवं असेल तर ते भट्टीवर का जातं ते समजून घ्या. पावसाळ्यात हातात काम नसतं आणि दुकानाची उधारी वाढते, म्हणून बयाणा उचलावा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये तुमच्याकडे काम कमी असलं तरी मजुरी चालू ठेवा. तेवढ्याने भट्टीची वाट बंद होऊ शकते. पावसाळी महिन्यांत पगार तोडणारा मालक मार्चमध्ये ‘माणसंच मिळत नाहीत’ म्हणून रडतो, तेव्हा मला त्याची कीव येत नाही.

सणांचंही तसंच. शहरी माणूस दिवाळीला बक्षिशी देतो आणि मोकळा होतो. आदिवासी पाड्यांवर होळीचा दिवस मोठा. वज्रेश्वरीची यात्रा चैत्रात. आणि गुरुपौर्णिमेला गणेशपुरीत नित्यानंद स्वामींच्या समाधीला गर्दी लोटते, तेव्हा पाड्यातल्या बायकांची फुलं-हार विकून चार पैशांची कमाई होते. त्या दिवशी ‘जरा गवत काढून ठेवा’ म्हणून फोन करू नका.

उचल

आता अवघड भाग. घरावरचे पत्रे, मुलीचं बाळंतपण, लग्न, दवाखाना अशा कारणांसाठी माणूस तुमच्याकडे उचल मागणारच. द्यावी का? द्यावी. रात्री दहा वाजता पोट दुखणाऱ्या पोराला घेऊन निघालेल्या बापाला बँक पैसे देत नाही. पण द्यायची कशी, हे ठरवण्याआधी आपण कुठे वाडी करतो आहोत ते माहीत असावं.

2014 च्या ऑगस्टपर्यंत पालघरसह हा सगळा एकच ठाणे जिल्हा होता. याच जिल्ह्यात लग्नगड्याची पद्धत होती. वारली तरुणाने लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून काही रुपये घ्यायचे आणि त्या बदल्यात त्याच्याकडे राबायचं. बायको आली की तिनेही. रक्कम थोडी, फेड कधी संपायची नाही, कारण हिशोब सावकाराच्या वहीत आणि वाचता फक्त त्यालाच यायचं. 1945 मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकर किसान सभेच्या कामासाठी तलासरी-उंबरगाव भागात गेले आणि वारल्यांनी वेठ नाकारली. त्या वर्षीच्या 10 ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड हा वारली मारला गेला. गोदावरीबाईंनी हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहिलं. त्या पुस्तकाला 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वाडी घेणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावं, खतांच्या पुस्तकाआधी. 1976 मध्ये वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला आणि तरी पद्धत संपली नाही. म्हणून तर 1982 मध्ये विवेक आणि विद्युल्लता पंडित यांची श्रमजीवी संघटना उभी राहिली. तिचं काम गणेशपुरीपासून जवळच्याच उसगावातून चालतं आणि तिने या परिसरातली वेठबिगार माणसं सोडवली.

म्हणजे उचलीच्या बदल्यात माणसाला कामावर बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मी काही जमीनदार नाही, असं तुम्ही म्हणाल. पण ‘आधीचे पैसे फेडा, मग दुसरीकडे जा’ हे वाक्य फार्म हाऊसच्या व्हरांड्यात बसूनही बोललं जातं, आणि पाड्यात ते ऐकणाऱ्याला आजोबांची गोष्ट आठवते.

आमच्याकडे चालतं ते असं. चार महिन्यांत सहज फिटेल एवढीच उचल. कापून घ्यायची ती आठवड्याच्या मजुरीच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही, कारण घरात तांदूळ आलाच पाहिजे. व्याज नाही. बायकोच्या किंवा मुलाच्या मजुरीतून त्याच्या उचलीची वजावट कधीच नाही. आणि माणसाला काम सोडायचं असेल तर त्याने त्याच दिवशी सोडावं. राहिलेली रक्कम हातउसनी समजायची, आली तर आली. ‘मग पैसे बुडतील की!’ बुडू द्या. ज्या माणसाला जायची मोकळीक आहे तेच माणूस मनापासून राहतं. चार महिन्यांत फिटणार नाही एवढी मोठी रक्कम लागली, ऑपरेशन वगैरे, तर ती उचल म्हणून देऊच नका. जमेल तेवढी मदत म्हणून द्या, तसं तोंडाने स्पष्ट सांगा आणि परत तिचा विषय काढू नका.

वही मात्र दोन हव्यात. एकसारख्या, शंभर पानी. एक तुमच्याकडे, एक त्यांच्या घरी. तारीख, काम, ठरलेली मजुरी, दिलेले पैसे, बाकी. दर आठवड्याला बाजाराच्या आदल्या दिवशी दोन्ही समोरासमोर भरायच्या. माणसाला वाचता येत नसेल तर त्यांच्या घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराकडून किंवा नातीकडून वाचून घ्यायला सांगा. मामांची नात चौथीत असताना तिने माझ्या बेरजेत पाच रुपयांचा फरक काढला होता. मामा तेव्हा जे हसले ते बघून मला कळलं की वही आता खरंच दोघांची झाली.

मजुरी किती? रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर 2025-26 साठी दिवसाला 312 रुपये होता. भिवंडी तालुक्यातला बाजारभाव त्याहून बराच वर आहे आणि कसबी हाताला आणखी वर. आसपासच्या तीन वाड्यांवर विचारा आणि त्यातल्या सगळ्यात चांगल्या दराने सुरुवात करा. बाई तेच काम करत असेल तर तोच दर. ‘बायकांचा रेट कमी असतो’ हे तुम्हाला सगळे सांगतील, बायकासुद्धा. ऐकू नका. पाडव्याला मजुरी वाढवायची ती मागायची वाट न बघता. गमबूट, रेनकोट, हातमोजे, कोयत्याला धार लावण्याचा खर्च तुमचा. पाऊस इतका लागला की काम होऊच शकत नाही, त्या दिवसाची मजुरीही तुमचीच. पाऊस काही मामांनी बोलावलेला नसतो.

वाडी कुणाला कळते

हिशोब चोख झाला की खरी गंमत सुरू होते. ती गंमत म्हणजे वाडीबद्दल भांडणं.

आखणीचंच बघा. तुम्ही मोजपट्टी घेऊन दहा बाय दहा मीटरवर खुंट्या ठोकता, कागदावर ते सुरेख दिसतं. खड्डे घ्यायच्या आधी तुमच्या माणसाला एकट्याला त्या खुंट्यांवरून फिरू द्या. मामा पहार घेऊन निघतात. एकेका खुंटीजवळ पहार आपटतात आणि आवाज ऐकतात. खणखणीत वाजली तर खाली मुरूम, फार तर खडक. थप्प आवाज आला तर माती खोल. मग वाकून गवत बघतात. लव्हाळा दिसला की मान हलवतात, कारण तिथे आषाढात पाणी थांबतं आणि आंब्याच्या मुळांना ते चालत नाही. अशा दोन खुंट्या त्यांनी वरच्या अंगाला नेल्या. ओळ वाकडी झाली. खालच्या कोपऱ्यात त्यांनी अळू आणि केळी लावायला सांगितल्या. ती ओळ अजूनही वाकडीच दिसते आणि त्या ओळीतलं एकही कलम गेलेलं नाही.

दुसरं उदाहरण गवत कापायच्या मशीनचं. मे महिन्याच्या अखेरीस शहरातून आलेला मालक हौसेने सगळी वाडी साफ करतो. त्याच सुमारास, पहिल्या सरी पडल्या की, मोकळ्या जमिनीतून शेवळं वर येतात. पान नाही, काही नाही, नुसता तपकिरी-जांभळा कोंब. मशीनला ते गवतच. इथल्या माणसाला ती वर्षातली पहिली रानभाजी, काकडांबरोबर शिजवायची, नाहीतर घसा खाजतो. ठाण्या-कल्याणच्या बाजारात त्याच्या जुड्यांना चांगला भाव येतो. पुढे टाकळा, कुरडू, भारंगी येतात. वाडीत काय काढायचं हे तुम्ही सांगा, पण काय ठेवायचं हे त्यांना विचारा. त्या भाज्या त्यांच्या घरी जाऊ द्या. जुडीभर तुमच्याकडे आली तर तो तुमचा मान.

यातून एक पद्धत बसली आहे, ती उचलण्यासारखी आहे. कामाला लागायच्या आधी दोघांनी मिळून वाडीला एक फेरी मारायची. हातात चहाचा कप असला तरी चालेल. फेरीत हुकूम द्यायचे नाहीत, फक्त विचारायचं. ही फांदी का सुकली? इथली माती का खचली? आळ्यात मुंग्या कशाच्या? फेरी संपेपर्यंत आठवड्याचं काम आपोआप ठरतं आणि ते दोघांनी ठरवलेलं असतं. जिथे तुमचं शिक्षण उपयोगी पडतं तिथे जरूर बोला. मोगऱ्याची छाटणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये करायची, त्याआधी पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, हे आम्ही कृषी विभागाच्या मेळाव्यात ऐकलं. मामांना पाणी तोडणं पटेना. मी वाद घातला नाही. निम्म्या झाडांवर त्यांची पद्धत, निम्म्यांवर मेळाव्यातली, असं ठरवलं. उन्हाळ्यात कळ्या मामांनीच तोडल्या आणि पुढच्या वर्षी पाणी त्यांनीच तोडलं. एका शब्दाने काही बोलले नाहीत, मीही नाही. दापोली विद्यापीठाच्या नूतन झेल्याबद्दल मात्र त्यांना पहिल्याच दिवशी पटलं, कारण आंबा देठासकट उतरतो आणि चीक अंगावर सांडत नाही.

वाडीचा एक तुकडा त्यांचा असू द्या. फार नको, चार-पाच वाफे. पडवळ, दोडका, मिरची, जे हवं ते लावतील. पाणी तुमचं, पीक त्यांचं. किती आलं हे मोजायला जाऊ नका.

इंग्लंडमधल्या सिसिंगहर्स्टच्या बागेचं नाव बागप्रेमींना माहीत असतं. ती बाग कवयित्री व्हिटा सॅकव्हिल-वेस्टची म्हणून ओळखली जाते. पण 1959 मध्ये तिने पामेला श्वेर्ट आणि सिबिल क्रॉइत्झबर्गर या दोघी मैत्रिणींना माळीकामाची मुख्य जबाबदारी दिली. 1962 मध्ये व्हिटा गेली, पुढे बाग नॅशनल ट्रस्टकडे आली, आणि त्या दोघींनी ती तीसेक वर्षं सांभाळली. मालकीण गेली तरी बाग राहिली, कारण ज्यांच्या हातांना ती पाठ होती ते हात तिथेच होते. त्या दोघींची नावं निदान लिहिली गेली. आपल्याकडे वाडीच्या पाटीवर आईचं नाव असतं, नातवाचं असतं, मामांचं कधी दिसत नाही.

एकाचाच शब्द

कुटुंबातल्या पाच जणांनी पाच कामं सांगायची ही आपल्याकडची खास सवय. आजोबांना गुलाबाला पाणी हवं, मुलाला क्रिकेटसाठी जागा साफ हवी, पाहुण्यांना शहाळी. माणूस एक. शेवटी त्याला सगळ्यांची बोलणी बसतात. घरातल्या एकानेच वाडीचं सांगायचं असं ठरवा आणि ते माणसाच्या समोर घरच्यांना सांगा. पाहुण्यांसाठी स्वयंपाक, भांडी, गाडी धुणं ही वाडीची कामं नाहीत. करून घ्यायची असतील तर आधी विचारा आणि वेगळे पैसे द्या.

हाक मारण्याचंही सांगते. वयाने मोठ्यांना मामा, काका, मावशी. बरोबरीच्यांना दादा, वहिनी. ‘अहो’ आपोआप येतं. साठीच्या माणसाला तुमच्या दहा वर्षांच्या मुलाने ‘ए, बॉल आण’ म्हटलं आणि तुम्ही ऐकून घेतलंत, तर मग बाकीचं काही करू नका, उपयोग नाही. चहाचा कप वेगळा ठेवणाऱ्या घरांविषयी मी इथे काही लिहीत नाही. त्यांना हा लेख वाचून फरक पडणार नाही.

कॅमेरा बसवायचा असेल तर फाटकावर बसवा, आणि बसवण्याआधी सांगा. झाडाखाली टेकलेल्या माणसाला ठाण्यात बसून मोबाइलवर बघणं आणि ‘बसलात का?’ म्हणून फोन करणं, यानंतर पुढचं काही टिकत नाही. निरोप द्यायचा तर आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, टाइप करू नका. आजारी झाडाचा फोटो तेही पाठवतील.

दारूचा प्रश्न सगळे विचारतात. एकच नियम पाळा. त्या दिवशी कोयता नाही, झाडावर चढणं नाही, फवारणी नाही. झालेल्या कामाचे पैसे द्या आणि घरी पाठवा. भाषण देऊ नका.

जिवाची काळजी

फवारणी शक्यतो टाळा. टाळता येत नसेल तर बाटलीवरचा त्रिकोण बघायला दोघांनी शिका. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, शेवटी हिरवा. लाल-पिवळ्याला घरगुती वाडीत काही काम नाही. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले. त्यात दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणाऱ्यांचाही समावेश होता. हातमोजे, तोंडाला मास्क, अंगभर कपडे, वारा पाठीवर घेऊन, सकाळच्या गारव्यात. दुपारच्या उन्हात नाही. नंतर साबणाने अंघोळ, आणि ती वाडीवरच करता यावी अशी सोय. रिकाम्या बाटल्या ठेचून टाका, घरी तेल भरायला जाऊ देऊ नका.

साप इथे आहेतच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही. गवताच्या गंजीत, दगडाच्या बांधात, विहिरीच्या कठड्यात. गमबूट आणि बॅटरी ही चैन नाही. चावलाच तर चिरा द्यायचा नाही, घट्ट दोरी बांधायची नाही, माणसाला चालवायचं नाही. हात-पाय हलू न देता 108 ला फोन किंवा मिळेल ती गाडी, थेट सरकारी दवाखाना. सापावरची लस कोणत्या दवाखान्यात आहे ते जूनमध्येच जाऊन विचारून ठेवा आणि तो नंबर पंपाच्या खोलीत भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. भगताकडे जायचं असेल तर दवाखान्यातून परत आल्यावर जा, मी अडवणार नाही, असं मी पाड्यात सांगून ठेवलं आहे.

कागदपत्रांत मदत करा, पण मूळ कागद स्वतःकडे ठेवू नका, अगदी ‘हरवतील म्हणून’सुद्धा नाही. बँक खात्यावर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना सुरू करून द्या. वर्षाला फक्त 20 रुपये, वय 18 ते 70, अपघाती मृत्यूला 2 लाखांचं संरक्षण. सर्पदंश आणि झाडावरून पडणंही त्यात धरलं जातं, मात्र दवाखान्याची नोंद लागते. म्हणून अशा वेळी केसपेपर जपून ठेवायला शिकवा. वर्ष 1 जूनला सुरू होतं, तेव्हा मेअखेर खात्यात पैसे आहेत ना ते बघा. नाहीतर विमा गुपचूप बंद पडतो. चाळिशीच्या आतलं माणूस असेल तर श्रमयोगी मानधन योजनेत महिन्याला 55 ते 200 रुपयांचा हप्ता वयाप्रमाणे बसतो, तेवढीच भर सरकार घालतं आणि साठीनंतर 3000 रुपये महिना मिळतात. तो हप्ता मालकाने भरावा असं माझं मत आहे. पासष्ट ओलांडलेल्यांसाठी श्रावणबाळ योजना आहे. तहसील कार्यालयात एक खेप तुम्ही बरोबर गेलात तर चार खेपा वाचतात.

हात थकल्यावर

वीस वर्षांत माणूस म्हातारं होतं आणि झाडं उंच होतात. मामा आता आंब्यावर चढत नाहीत. चढायचं काम तरुण पोराकडे गेलं, मजुरी मात्र मामांची तीच राहिली. ते आता बसून पिशव्या भरतात, कोयी लावतात, कोय कलमं बांधतात. त्यांच्या हाताची कलमं बांधावरून पाड्यात गेली, नातेवाइकांच्या परसात गेली. काम बदलतं तेव्हा ‘आता तुम्ही फक्त बसा’ असं म्हणू नका. बसायला सांगितलेलं माणूस दुसऱ्या आठवड्यापासून येत नाही.

त्यांचा मुलगा पुढे वाडी बघेल हे गृहीत धरू नका. तो गोदामात जाईल, रिक्षा घेईल, नात कदाचित नर्स होईल. त्यांनी तसंच करावं. सुट्टीत आजोबांबरोबर आलेल्या पोराच्या हातात खुरपं देऊन त्याची अर्धी मजुरी लावणारे मालक मी पाहिले आहेत. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं हा गुन्हा आहे आणि ‘स्वतःहून करतोय’ ही सबब चालत नाही.

शेवटी, वाडी विकायची वेळ येते. या पट्ट्यात ती येतेच. मुलं परदेशी जातात, गुडघे दुखतात, भाव वाढतो. विक्रीची बोलणी सुरू करायच्या आधी ही बातमी तुमच्या माणसाला तुमच्याकडून कळली पाहिजे, चहाच्या टपरीवर नाही. वहीतली उचलीची बाकी खोडून टाका. एका वर्षाला पंधरा दिवसांची मजुरी, या हिशोबाने जेवढी वर्षं झाली तेवढी रक्कम त्यांच्या खात्यात जमा करा, रोख नको. नव्या मालकाशी गाठ घालून द्या, पण ‘हे पण वाडीबरोबरच’ असं हसत-हसतसुद्धा म्हणू नका. त्यांनी राहायचं की नाही ते त्यांनाच ठरवू द्या. आणि विक्रीच्या कागदाला जोडायची सामानाची यादी करताना मोटर, पाइप, टाकी, शिडी सगळं लिहा. कोयता, आकडी आणि पहार त्यात घालू नका, त्या मामांच्या घरी जातील.